थांबलेलं काम आणि लांबलेलं काम: प्रिमाव्हेरात अडथळा कसा नोंदवावा

प्रश्न विचारणारे कोकणातल्या एका खाडीपुलाच्या साइटवर प्लॅनिंग बघतात. पी-4 या पिअरच्या (पुलाच्या खांबाच्या) 12 पाइल्सची, म्हणजे जमिनीत खोल जाणाऱ्या पायाच्या खांबांची, त्यांची ॲक्टिव्हिटी (वेळापत्रकातलं एक काम) 36 दिवसांची आहे. काम 2 जानेवारीला सुरू झालं. 14 जानेवारीला थांबलं, कारण वरून जाणारी वीजवाहिनी हटवायची होती आणि ती हटवणं क्लायंटकडे होतं. 4 फेब्रुवारीला पुन्हा सुरू झालं. 10 फेब्रुवारीला सबकॉन्ट्रॅक्टरचा रिग (पाइल खणणारं यंत्र) बिघडला आणि 15 तारखेला दुरुस्त होऊन आला. जानेवारीअखेरच्या अपडेटमध्ये त्यांनी प्रिमाव्हेरा या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला थांबा सस्पेंड-रिझ्यूम (काम थांबल्याची आणि पुन्हा सुरू झाल्याची तारीख) या रकान्यांत भरला होता. आता दुसरा भरायला गेले तर प्रिमाव्हेरात जागा एकच, नवीन तारखा टाकल्या की जुन्या पुसल्या जातात. साहेब म्हणतात, "ड्युरेशन वाढव आणि अपडेट पाठवून दे." डेटा डेट, म्हणजे ज्या तारखेपासून उरलेलं काम मोजायचं ती, 15 फेब्रुवारी आहे. काय करावं?

ड्युरेशन वाढवू नका. साहेबांचा हेतू वाईट नाही, त्यांना शेवटची तारीख बरोबर यायला हवी आहे आणि ड्युरेशन वाढवून ती येतेही. पण त्या एका आकड्यात जे गाडलं जातं ते नंतर उकरून काढता येत नाही.

प्रश्न तुम्ही सॉफ्टवेअरच्या एका रकान्याबद्दल विचारला आहे. मला अडचण वेगळीच दिसते. 2 जानेवारी ते 14 फेब्रुवारी हे 44 दिवस आहेत. त्यातले 18 दिवस पाइलिंग झालं, 21 दिवस क्लायंटमुळे थांबलं आणि 5 दिवस आपल्याच रिगमुळे थांबलं. या तीन तुकड्यांचे धनी तीन वेगळे आहेत. पहिला तुमच्या गँगच्या वेगाचा पुरावा आहे, दुसऱ्यावर तुमची मुदतवाढ उभी राहणार आहे, आणि तिसरा तुम्हाला सबकॉन्ट्रॅक्टरकडे मागायचा आहे. अपडेट असं हवं की वर्षभरानंतर तिसऱ्याच कुणी फाइल उघडली तरी हे तीन तुकडे वेगवेगळे दिसावेत. सस्पेंड-रिझ्यूम, स्प्लिट, कॅलेंडर ही सगळी त्यासाठीची साधनं आहेत.

आता साहेबांच्या मार्गाने जाऊन बघू. 36 मध्ये 26 मिळवले, 62 दिवस झाले, काम 4 मार्चला संपतं. योग्य रीतीने थांबे दाखवले तरीही ते 4 मार्चलाच संपतं, म्हणून साहेबांना फरक दिसत नाही. पण 62 दिवसांत 12 पाइल्स म्हणजे एका पाइलला पाच दिवसांहून जास्त, आणि तुमची गँग प्रत्यक्षात तीन दिवसांत एक पाइल करते आहे. उद्या पी-5, पी-6 चं नियोजन करताना कुणीतरी 'आधीचा अनुभव' म्हणून हा पाच दिवसांचा दर उचलेल. क्लायंटच्या बैठकीत तुमचं उत्पादन कमी आहे असा ठपका बसेल, आणि तो तुमच्याच फाइलवरून बसेल.

हे मी पोटतिडकीने सांगते, कारण ही चूक मी केली आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी महामार्गाच्या एका कामावर भूसंपादन अडल्यामुळे साधारण 900 मीटरचा भराव 47 दिवस बंद होता. पत्रं वेळेवर गेली होती. मी मात्र दर महिन्याच्या अपडेटमध्ये रिमेनिंग ड्युरेशन (उरलेला कालावधी) तेवढं वाढवत राहिले. ॲक्टिव्हिटी 'चालू' दिसत होती, बार अखंड होता. दोन वर्षांनी मुदतवाढीची मागणी केली तेव्हा समोरच्या कन्सल्टंटने आमचीच अपडेट्स टेबलावर ठेवली आणि विचारलं, "या दोन महिन्यांत तुमचं काम सुरूच आहे, फक्त हळू आहे. थांबलं कुठे?" आमची पत्रं एक सांगत होती आणि आमचं वेळापत्रक दुसरंच. मागितलेल्यापेक्षा बरेच कमी दिवस मिळाले. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवते: थांबलेलं काम लांबलेलं म्हणून दाखवायचं नाही.

एक मात्र कबूल करते, सगळ्या थांब्यांना एकच औषध नाही. एकच ॲक्टिव्हिटी थांबली की एखादं यंत्र थांबलं की अख्खी साइट, एकदा थांबलं की पुन्हा पुन्हा, आधी ठाऊक होतं की अचानक आलं, आणि करार काय म्हणतो, यावर उत्तर बदलतं. तुमच्या प्रकरणात ॲक्टिव्हिटी एक आहे, थांबे दोन आहेत आणि जबाबदार दोन वेगळे आहेत.

आधी सस्पेंड-रिझ्यूम नेमकं काय करतं ते पक्कं करून घ्या. ॲक्टिव्हिटीला ॲक्चुअल स्टार्ट (प्रत्यक्ष सुरुवातीची तारीख) असल्याशिवाय ती सस्पेंड होत नाही. टास्क डिपेंडंट आणि रिसोर्स डिपेंडंट या नेहमीच्या कामांच्या प्रकारांनाच ही सोय लागू आहे, माइलस्टोनला (शून्य दिवसांचा टप्पा) किंवा लेव्हल ऑफ एफर्टला (देखरेखीसारखं, इतर कामांच्या लांबीवर चालणारं काम) नाही. सस्पेंड ते रिझ्यूम हा काळ प्रिमाव्हेरा त्या ॲक्टिव्हिटीपुरता सुट्टीसारखा धरतं. म्हणजे ॲक्चुअल ड्युरेशनमध्ये ते दिवस मोजले जात नाहीत आणि मनुष्यबळ, खर्च त्या काळात पसरवला जात नाही. तुमच्या पहिल्या थांब्यात सस्पेंड 14 जानेवारी आणि रिझ्यूम 4 फेब्रुवारी, मधले 21 दिवस बाद. दुसरा थांबा आलाच नसता तर उरलेले 24 दिवस 4 फेब्रुवारीपासून मोजून काम 27 फेब्रुवारीला संपलं असतं. मूळ तारीख 6 फेब्रुवारी होती. फरक बरोबर 21 दिवसांचा.

इथे दोन ठिकाणी लोक घसरतात. एक, तारखांबरोबर वेळही असते आणि ती बहुतेकांच्या लेआउटमध्ये लपलेली असते. 14 तारखेची सकाळ की 13 ची संध्याकाळ यावरून एक दिवस इकडेतिकडे होतो. युजर प्रेफरन्समध्ये वेळ दाखवणं चालू करा, तपासा, मग हवं तर बंद करा. दोन, बारमध्ये थांबा दिसत नाही अशी तक्रार येते. बारच्या सेटिंगमध्ये नेकिंगच्या (बार बारीक करून दाखवण्याच्या) दोन खुणा आहेत, एक कॅलेंडरच्या सुट्ट्यांसाठी आणि एक ॲक्टिव्हिटीच्या थांब्यासाठी. दुसरी चालू करा. थांब्याच्या काळात बार बारीक दिसतो आणि प्रिंट बघणाऱ्याला न सांगता कळतं.

रिझ्यूमची तारीख माहीत नसेल तेव्हा काय? जागा रिकामी ठेवू नका. त्या दिवशी जो सगळ्यात प्रामाणिक अंदाज असेल तो भरा आणि नोटबुकमध्ये लिहा की ही तारीख अमुक पत्रावरून धरली आहे. पुढच्या अपडेटला तारीख सरकली तर सरकवा. प्रत्येक अपडेटची प्रत जपून ठेवलीत की अंदाज कसा कसा मागे गेला याची नोंद आपोआप तयार होते, आणि ती फार उपयोगी पडते.

आता दुसरा थांबा. समजा तुम्ही जुन्या तारखा काढून 10 आणि 15 फेब्रुवारी भरलीत. शेवटची तारीख बदलणार नाही, कारण उरलेले 18 दिवस डेटा डेटपासूनच मोजले जातात. मात्र पहिले 21 दिवस परत 'काम केलेले' दिवस होतात. ॲक्चुअल ड्युरेशन 18 ऐवजी 39, आणि पूर्ण झाल्यावरची ड्युरेशन 36 ऐवजी 57. क्लायंटच्या जबाबदारीचे 21 दिवस फाइलमधून गेले आणि आपल्या चुकीचे 5 दिवस तेवढे ठळक राहिले. याहून वाईट व्यवहार नाही.

काही जण 14 जानेवारी ते 15 फेब्रुवारी असा एकच मोठा सस्पेंड घालतात. तसं केलं तर मधे केलेले 6 दिवस, म्हणजे दोन पाइल्स, सुट्टीत झाल्यासारखे दिसतात. डीपीआर (रोजचा प्रगती अहवाल) आणि वेळापत्रक जुळत नाही. तेही करू नका.

माझी पद्धत सरळ आहे. एका ॲक्टिव्हिटीला पहिला थांबा आला तर सस्पेंड-रिझ्यूम. दुसरा आला तर ॲक्टिव्हिटी तोडायची.

तोडायची म्हणजे काय ते तुमच्याच आकड्यांवर सांगते. जानेवारीचं अपडेट क्लायंटकडे गेलेलं आहे, त्याला हात लावायचा नाही. दिलेला इतिहास मागे जाऊन बदलला की पुढच्या सगळ्या फाइल्सवर संशय येतो, मग बदल कितीही प्रामाणिक असो. म्हणून मूळ ॲक्टिव्हिटी पहिल्या सस्पेंड-रिझ्यूमसकट तशीच ठेवा, तिला 9 फेब्रुवारीची ॲक्चुअल फिनिश द्या, 6 पाइल्स आणि 18 दिवस तिच्यात राहू द्या. नवीन ॲक्टिव्हिटी काढा: पी-4 पाइलिंग, उर्वरित 6 पाइल्स, 18 दिवस. या दोघींच्या मधे तिसरी ॲक्टिव्हिटी घाला: रिग दुरुस्ती, 10 ते 14 फेब्रुवारी, 5 दिवस. तिघी फिनिश-टू-स्टार्टने (आधीचं संपलं की पुढचं सुरू) बांधा. नवीन ॲक्टिव्हिटी 15 तारखेला सुरू होऊन 4 मार्चला संपते. पाइल कॅपचा, म्हणजे पाइल्सवर बसणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्याच्या कामाचा, दुवा मूळ ॲक्टिव्हिटीवरून काढून नवीनवर न्यायला विसरू नका. नाहीतर पाइल कॅप 10 फेब्रुवारीला सुरू होताना दिसेल आणि सहा पाइल्स अजून जमिनीत गेलेलेच नसतील.

परिमाण आणि खर्चही वाटून द्यावा लागतो. मूळच्या 12 पाइल्सचं बजेट पूर्ण झालेल्या तुकड्यावर तसंच राहिलं तर प्रगतीची टक्केवारी फुगते. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच राहून जातं.

तोडण्यातली खरी अडचण बेसलाइनची, म्हणजे सुरुवातीला ठरलेल्या मूळ वेळापत्रकाची. प्रिमाव्हेरा बेसलाइनशी तुलना ॲक्टिव्हिटी आयडीवरून करतं. नव्या आयडीला बेसलाइनमध्ये जोडीदारच नाही, आणि जुनीची तुलना अर्ध्या कामाची होते. यावर मी दोन गोष्टी करते. तिन्ही ॲक्टिव्हिटी 'पी-4 पाइलिंग' अशा एका डब्ल्यूबीएसखाली (कामांच्या गटाच्या शीर्षकाखाली) ठेवते, म्हणजे त्या पातळीवर मूळ 6 फेब्रुवारी आणि आताची 4 मार्च समोरासमोर दिसतात. आणि तोडल्याचं क्लायंटला अपडेटसोबतच्या टिपणात स्पष्ट लिहून कळवते: कोणती ॲक्टिव्हिटी, का, कुठल्या तारखेला, दुवे कसे हलवले. काही करारांमध्ये वेळापत्रकाची रचना बदलायला आधी मान्यता लागते. तसं असेल तर आधी पत्र, मग बदल.

इथपर्यंतचं एका दमात: ड्युरेशन वाढवायची नाही, पहिला थांबा सस्पेंडमध्ये राहू द्यायचा, दुसऱ्यावर ॲक्टिव्हिटी तोडायची, मधला अडथळा त्याच्या नावाने उभा करायचा, दुवा आणि परिमाण नव्या तुकड्यावर न्यायचं, आणि पाठवलेल्या जुन्या अपडेटला हात लावायचा नाही.

खरं तर पुढच्या पिअरला ही वेळ येऊच नये. 12 पाइल्स एका ॲक्टिव्हिटीत बांधले म्हणून थांबा ॲक्टिव्हिटीच्या पोटात आला. पाइलगणिक तीन दिवसांची एक अशा 12 ॲक्टिव्हिटी असत्या तर दोन्ही थांबे दोन ॲक्टिव्हिटींच्या मधे पडले असते आणि सस्पेंडची गरजच नव्हती. फक्त मधली रिकामी जागा मुकी ठेवायची नाही, तिथेही अडथळ्याची ॲक्टिव्हिटी कारणासकट घालायची. ज्या कामात परवानग्या, वाहिन्या, जमीन अशा परक्याच्या हातातल्या गोष्टी आहेत, तिथे मी ॲक्टिव्हिटी मुद्दाम लहान ठेवते. ओळी वाढतात, पण पुढची भांडणं कमी होतात.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट वापरणाऱ्यांसाठी थोडं. तिथे स्प्लिट करता येतं आणि एकाच टास्कचे हवे तितके तुकडे पडतात, म्हणून तुमची ही अडचण तिथे येत नाही. थांबलेलं काम पुढे ढकलायचं तर 'अपडेट प्रोजेक्ट'मध्ये अपूर्ण काम अमुक तारखेनंतर सुरू करा असा पर्याय आहे. त्यासाठी शेड्यूलच्या ऑप्शन्समध्ये चालू टास्क तोडण्याची परवानगी चालू असावी लागते. ती बंद असेल तर लोकांना वाटतं सॉफ्टवेअरच बिघडलंय. उणीव अशी की तुकड्याला स्वतःचा दुवा देता येत नाही. पहिले चार पाइल्स झाल्यावर त्यांची चाचणी सुरू करायची असेल तर ती पहिल्या तुकड्याला जोडता येत नाही, पूर्ण टास्कलाच जोडावी लागते. आणि स्प्लिट का पडला हे सॉफ्टवेअर विचारत नाही. माउसने बार ओढताना चुकून पडलेला स्प्लिट आणि न्यायालयाच्या आदेशाने पडलेला स्प्लिट सारखेच दिसतात. म्हणून एका टेक्स्ट कॉलममध्ये कारण आणि पत्र क्रमांक लिहायची सवय लावा.

आता अख्खी साइट थांबते तेव्हाचं. हे तुमच्या प्रश्नात नाही, पण कोकणात काम करताय म्हणजे जूनमध्ये हा प्रश्न येणारच.

पावसाळा आपल्याला आधीच माहीत असतो, म्हणून तो अडथळा नव्हे, कॅलेंडर आहे. मातीकाम, डांबरीकरण, खाडीतलं काम यांना पावसाळी सुट्टीचं वेगळं कॅलेंडर द्या आणि ते बेसलाइनमध्येच असू द्या. जे आधी माहीत नव्हतं ते मात्र कॅलेंडरमध्ये कधीही लपवू नका. कारण कॅलेंडरमध्ये सुट्टी वाढवली की सगळं मुकाट्याने पुढे सरकतं आणि विलंब कुणामुळे झाला हे दाखवणारी एकही ओळ उरत नाही. शिवाय प्रिमाव्हेरात कॅलेंडर ग्लोबल असेल तर तुम्ही केलेला बदल त्याच डेटाबेसमधल्या दुसऱ्या प्रकल्पांनाही लागतो. मी एका ऑफिसात हे होताना पाहिलंय: एका पुलासाठी दिलेली सुट्टी तीन वेगळ्या कामांच्या तारखा हलवून गेली आणि कुणाला दोन दिवस कारण सापडेना. कॅलेंडरला हात लावायचाच असेल तर आधी त्याची प्रोजेक्ट कॅलेंडर म्हणून प्रत करा.

लॉकडाउनने आम्हा सगळ्यांना हे शिकवलं. 25 मार्च 2020 ला देशभर काम थांबलं. अनेकांनी सगळ्या कॅलेंडर्समध्ये सरसकट सुट्टी टाकली आणि सुटले. पण ओतलेलं काँक्रीट त्या काळातही पक्कं होत होतं, डिझाइनचे नकाशे ईमेलवर मंजूर होत होते. त्यांनाही सुट्टी लागली. पुन्हा सुरू होण्याची तारीखही एक नव्हती. केंद्राच्या सूचनांनुसार 20 एप्रिलपासून ग्रामीण भागातल्या बांधकामांना, आणि शहरांत जिथे मजूर साइटवरच राहत होते तिथे, अटींसह परवानगी मिळाली. 1 मे पासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या आणि परवानगी असलेल्या साइट्सवरूनही माणसं गावी गेली. म्हणजे कागदावर काम सुरू आणि शटरिंगला सुतार नाही. अशा वेळी मी 'लॉकडाउन' ही एक ॲक्टिव्हिटी काढली, चालू असलेल्या ॲक्टिव्हिटींना एकेक करून सस्पेंड-रिझ्यूम दिलं, सुरू न झालेल्यांना त्या ॲक्टिव्हिटीचा दुवा दिला, आणि मजूर परतण्याचा काळ वेगळ्या नावाने दाखवला. वेळ लागला, पण नंतर कुठला दिवस कशामुळे गेला हे विचारणाऱ्याला उत्तर देता आलं.

पावसाळी कॅलेंडर आणि अचानक थांबा एकमेकांवर पडतात तेव्हा हिशेब आणखी काळजीने करावा लागतो. मुंबईच्या कोस्टल रोडच्या तारखा सार्वजनिक आहेत, त्या कामाशी माझा संबंध नाही, फक्त तारखांचं गणित म्हणून घेते. 16 जुलै 2019 ला मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) मंजुरी रद्द केली आणि 17 डिसेंबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मधे 154 दिवस. पण अशा काळात सापडलेल्या एखाद्या ॲक्टिव्हिटीच्या कॅलेंडरमध्ये जून ते सप्टेंबर आधीच सुट्टी असेल, तर तिचे गेलेले दिवस 1 ऑक्टोबरपासूनच मोजले जातील, म्हणजे 77. शेजारच्या, वर्षभर चालणाऱ्या ॲक्टिव्हिटीचे मात्र पूर्ण 154. दोघींना एकच आकडा लावला की मागणी फुगते, आणि समोरचा एक फुगलेला आकडा दाखवून बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही शंका घेतो. दुसरं असं की आदेश उठल्याची तारीख आणि पहिला रिग फिरल्याची तारीख एक नसते. दोन्ही नोंदवा.

थांबणं आणि मंदावणं यातही फरक करा. रोज दोन तास वीज जाते, ट्रकना दिवसा शहरात प्रवेश नाही म्हणून काँक्रीट रात्रीच येतं, खडक अपेक्षेपेक्षा कठीण लागला, हे थांबे नाहीत. काम चालू आहे, वेग कमी आहे. इथे सस्पेंड वापरू नका. इथे रिमेनिंग ड्युरेशन वाढवणंच बरोबर आहे, कारण लिहून. आणि एक-दोन दिवसांचे किरकोळ थांबे? महिन्याला अपडेट असेल तर मी वेळापत्रकात ते दाखवत नाही, फाइल त्यांनी भरून जाते. हिंडरन्स रजिस्टरमध्ये (अडथळ्यांच्या नोंदवहीत) मात्र अर्ध्या दिवसाचीही नोंद करते आणि त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंच्या सह्या घेते.

तुमच्या हिशेबात एक गोष्ट मला दिसली नाही, ती म्हणजे परत सुरू होण्याची किंमत. 21 दिवस बंद राहिलेला रिग 4 फेब्रुवारीला सकाळी आला आणि त्याच वेगाने चालू लागला असं होत नाही. अर्धवट खणलेलं बोअर असेल तर ते साफ करावं लागतं, बेंटोनाइट (बोअर ढासळू नये म्हणून भरलेला मातीचा द्राव) पुन्हा तपासावं लागतं, बांधून ठेवलेल्या सळ्यांच्या पिंजऱ्यावर खाऱ्या हवेने गंज चढलेला असतो. डीपीआर काढून बघा, 4 फेब्रुवारीनंतरचा पहिला पाइल कसा गेला. सहा दिवसांत दोन पाइल्स झाले म्हणता, म्हणजे तुमची गँग चांगली आहे. तरीही रिग आणायला, मांडायला एखाद-दोन दिवस 4 तारखेच्या आधीच गेले असतील तर ते कुठे धरलेत? ते 21 मध्ये असतील तर त्यांना वेगळं नाव द्या. क्लायंट म्हणेल, वाहिनी तर 2 फेब्रुवारीलाच हटवली होती. तेव्हा ही वेगळी ओळ तुमचं उत्तर असेल.

मुदतवाढीबद्दल दोन शब्द. 21 दिवस थांबलं म्हणजे 21 दिवस मुदतवाढ असं आपोआप होत नाही. पी-4 क्रिटिकल पाथवर (प्रकल्पाची शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीवर) आहे का, त्या वेळी फ्लोट (शेवटची तारीख न हलता काम जितके दिवस लांबू शकतं ते) किती होता, ते जानेवारीच्या अपडेटवरून बघा. 15 दिवस फ्लोट होता असं समजा, तर प्रकल्पाची शेवटची तारीख 6 दिवसच सरकते. याच कारणासाठी थांबा सुरू व्हायच्या लगेच आधीचं अपडेट जपून ठेवायचं, कारण मोजमाप तिथून होतं. आणि अलीकडे एक वाईट सवय दिसते. थांब्यानंतर तारखा भयानक दिसू लागल्या की लोक शेड्यूलिंग ऑप्शनमध्ये रिटेन्ड लॉजिकवरून (सगळे दुवे पाळणारा हिशेब) प्रोग्रेस ओव्हरराइडवर जातात. ज्या कामाने क्रम मोडून सुरुवात केली त्याचे उरलेले दुवे मग हिशेबातून सुटतात आणि तारखा एकदम सुंदर होतात. थांब्याच्या काळात तुम्ही रिग पी-5 वर नेला असेल तर ही भुरळ पडेल. क्रम खरंच बदलला असेल तर दुवे हाताने बदला. ऑप्शन बदलून सगळ्या फाइलचा अर्थ बदलू नका.

नोटिशीची मुदतही बघा. फिडिक या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या रेड बुक या करारनमुन्यावर आधारलेला करार असेल तर कलम 20.1 प्रमाणे घटना कळल्यापासून 28 दिवसांत नोटीस जायला हवी. तुमचा करार सरकारी नमुन्यातला असेल तर मुदत वेगळी असेल, ती आजच काढून वाचा. 14 जानेवारीपासूनचे 28 दिवस 11 फेब्रुवारीलाच झाले. पत्र गेलेलं असेल तर उत्तम. त्याचा क्रमांक आणि तारीख मूळ ॲक्टिव्हिटीच्या नोटबुकमध्ये आजच लिहा. गेलेलं नसेल तर अपडेटची चिंता बाजूला ठेवा आणि आधी कराराचं काम बघणाऱ्या माणसाला गाठा.

या आठवड्यात हे असं करा. जानेवारीच्या फाइलची प्रत घ्या आणि नव्या नावाने काम करा. हिंडरन्स रजिस्टर, डीपीआर आणि रिग सबकॉन्ट्रॅक्टरचं लॉगबुक समोर ठेवून 14 जानेवारी, 4, 10 आणि 15 फेब्रुवारी या चारही तारखा तिन्ही ठिकाणी एकच आहेत का ते बघा. एक दिवसाचा जरी फरक असला तरी आधी तो मिटवा. मग ॲक्टिव्हिटी तोडा, शेड्यूल चालवा, 4 मार्च येते का बघा. आली की 62 दिवसांची एक अखंड पट्टी आणि तुमची तीन तुकड्यांची मांडणी अशी दोन पानं छापून साहेबांसमोर ठेवा आणि विचारा, क्लायंटकडे यातलं कुठलं न्यायचं.